राजीनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी

तीन महिन्यांचा पगार थकलेला असतो आणि चौथ्या महिन्यात एचआरचे बोलावणे येते. छोट्या मीटिंग रूममध्ये दोघे बसलेले असतात. मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात. टेबलावर आधीच टाइप केलेला राजीनामा, त्यावर आजची तारीख आणि 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द. 'सही केलीत तर थकलेला पगार पुढच्या आठवड्यात काढून देतो, अनुभवाचे पत्रही चांगले देतो. नाही केलीत तर टर्मिनेट करावे लागेल. मग पुढे कोण घेतो ते बघा.' घरी हप्ते थकलेले, शाळेची फी भरायची राहिलेली. दहापैकी आठ माणसे अशा वेळी पेन उचलतात, आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण ती सही कुणाच्या फायद्याची असते, हे त्या खोलीत जाण्याआधी माहीत असले पाहिजे.

कंपनीला काढून टाकण्याचा अधिकार असेल तर ती राजीनामा का मागते? कारण काढून टाकणे महाग पडते आणि राजीनामा फुकट मिळतो. कामगाराला कपातीत काढायचे असेल, म्हणजे कायद्याच्या भाषेत छाटणी करायची असेल, तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या माणसाला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. शेवटी लागलेला आधी जाईल हा नियमही पाळावा लागतो, किंवा तो का मोडला हे नोंदवावे लागते. तीनशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात तर सरकारची परवानगी घ्यावी लागते. गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायचे म्हटले, तर आरोपपत्र, चौकशी, बाजू मांडण्याची संधी हे सगळे आले.

आकड्यांत बघा. महिना २८,००० रुपये वेतन आणि सहा वर्षांची नोकरी धरा. छाटणीची भरपाई ढोबळ मानाने ८४,००० रुपये होते, नोटिशीचे २८,००० धरले तर १,१२,००० रुपये. शिवाय ही छाटणी बेकायदा आहे म्हणून परत कामावर घ्या, असे न्यायालयात मागण्याचा हक्क शिल्लक राहतो. राजीनाम्यावर सही झाली की या सगळ्यावर पाणी. थकलेला तीन महिन्यांचा पगार, ८४,००० रुपये, सही केली काय आणि न केली काय, तुमचाच असतो. त्या खोलीत तुम्हाला तुमचेच पैसे आमिष म्हणून दाखवले जातात, हे आधी ध्यानात घ्या.

म्हणून या दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या ठेवायच्या. थकलेला पगार हा एक हक्क, नोकरी टिकवण्याचा दुसरा. दोन्हींचे कायदे वेगळे, मुदती वेगळ्या, दरवाजेही बऱ्याच अंशी वेगळे.

आधी पगाराचे बघू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. त्यांतल्या वेतन संहितेने एक जुनी फट बुजवली आहे. १९३६ चा वेतन प्रदान कायदा अगदी शेवटी महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होता. पंचवीस हजार मिळवणाऱ्या टीम लीडरचा पगार थकला की त्याला त्या कायद्याचे दार बंद. नव्या संहितेत ही मर्यादा नाही. कारकून असो, वेल्डर असो, मॅनेजर असो, मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळालाच पाहिजे. 'क्लायंटचे पेमेंट आले नाही', 'फंडिंगची फेरी अडकली आहे' ही कारणे कायद्याच्या पुस्तकात कुठेही नाहीत. धंद्याची जोखीम मालकाची असते. महिनाभर काम करून घेतले की त्याची मजुरी देणे लागते.

नोकरी संपली, मग ती राजीनाम्याने संपो, काढल्याने संपो की कंपनी बंद पडल्याने, तर राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे आहे. आपल्याकडे 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' हे वाक्य इतके रुळले आहे की लोकांना तो कायदाच वाटतो. तो कंपन्यांनी पाडलेला पायंडा आहे. लॅपटॉप परत केला नाही, हँडओव्हर अपुरा आहे, नोटीस पिरियड पूर्ण केला नाही, अशी कारणे दाखवून पूर्ण पगार अडकवून ठेवता येत नाही. कायद्याने परवानगी दिलेल्याच कपाती करता येतात, आणि त्या सगळ्या मिळून त्या काळातल्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत.

पगार मिळाला नाही तर राज्य सरकारने नेमलेल्या राजपत्रित दर्जाच्या प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो. त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे; जुन्या कायद्यात ती बारा महिने होती. प्राधिकारी थकलेली रक्कम देण्याचा आदेश देतोच, वर त्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाईही देऊ शकतो. दहा पट सर्रास मिळते असे समजू नका. ती कमाल मर्यादा आहे. पण मालकाच्या वकिलाला हा आकडा चांगला माहीत असतो. आदेशानंतरही पैसे आले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे जातो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. वीस जणांचा पगार थकला असेल तर वीस वेगळे अर्ज करायची गरज नाही, सगळ्यांच्या वतीने एकच अर्ज चालतो. तो नोंदणीकृत संघटनेलाही करता येतो. संघटना नोंदवण्यासाठी सात माणसांचा अर्ज लागतो. मोठ्या आस्थापनेत दहा टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी असेल तेवढे कामगार सभासद असावे लागतात.

वेतन संहितेच्या ५९ व्या कलमाची चर्चा फारशी होत नाही, पण मला ते फार मोलाचे वाटते. पगार मिळाला नाही किंवा कमी मिळाला असा दावा झाला, तर पगार दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. 'तुम्हाला पैसे मिळाले नाहीत याचा पुरावा काय?' या प्रश्नाने भल्याभल्यांची बोलती बंद होत असे. आता तो प्रश्न उलट्या बाजूने विचारला जातो. तुमच्याकडून एवढेच हवे की तुम्ही तिथे कामाला होता आणि पगार किती ठरला होता, हे दाखवणारे काही असावे: नेमणूकपत्र, जुन्या पगारपावत्या, बँकेचे स्टेटमेंट, पीएफचे पासबुक, कंपनीच्या ईमेलवरची देवाणघेवाण, हजेरीच्या ॲपचे स्क्रीनशॉट, वरिष्ठांशी झालेले व्हॉट्सॲप.

आणि हे सगळे आजच काढून ठेवा. ज्या दिवशी तुमची नोकरी जाते त्याच दिवशी, बहुधा त्याच तासात, कंपनीचा ईमेल आणि एचआर पोर्टल बंद होते. पगारपावत्या तिथेच अडकतात. आपल्या पगाराची, नेमणुकीची, रजांची कागदपत्रे स्वतःच्या ईमेलवर घेणे यात गैर काही नाही. ग्राहकांची माहिती, सोर्स कोड, दरपत्रके मात्र चुकूनही घेऊ नका. कंपनीला तुमच्यावर उलट केस टाकायला तेवढे पुरते.

आता राजीनाम्याच्या दबावाकडे वळू. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यातले तत्त्व सरळ आहे: धाकाने किंवा गैरवाजवी दबावाने घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, आणि ज्याच्याकडून ती घेतली त्याला ती नाकारता येते. राजीनामा स्वेच्छेचाच असला पाहिजे. जबरदस्तीने घेतलेला राजीनामा म्हणजे प्रत्यक्षात नोकरीवरून काढणेच, असे न्यायालयासमोर मांडता येते. पण इथे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. सही तुमची, अक्षर तुमचे, आणि दाराआड काय बोलणे झाले याला साक्षीदार नाही. त्यामुळे दबाव येतो त्या क्षणापासून लेखी नोंद ठेवणे हाच खरा बचाव आहे.

खोलीत असताना एवढेच म्हणा: 'मला विचार करायला वेळ हवा आहे, आणि तुमचे जे म्हणणे आहे ते ईमेलवर पाठवा.' भांडू नका, आवाज चढवू नका. तुमच्या चढलेल्या आवाजाचाच उद्या मेमो निघतो. बाहेर आल्यावर, त्याच दिवशी, वरिष्ठ आणि एचआर दोघांना ईमेल करा आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. मजकूर साधारण असा असावा: 'आज दुपारी तीन वाजता झालेल्या बैठकीत मला राजीनामा द्यायला सांगण्यात आले. राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही. मी कामावर हजर आहे आणि राहीन. माझे जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांचे वेतन थकले आहे, ते त्वरित मिळावे.' त्यात विशेषणे नकोत, आरोपांची जंत्री नको, कायद्याची कलमेही नकोत. तारीख, वेळ, कोण हजर होते, काय म्हटले गेले, एवढे पुरे. वर्षभराने न्यायाधीशांसमोर हाच ईमेल तुमच्या वतीने बोलतो. खोलीबाहेर पडल्यावर घरी किंवा मित्राला केलेला 'सही कर म्हणून मागे लागलेत' हा मेसेजसुद्धा पुरावा म्हणून उपयोगी पडतो, कारण त्यावर वेळेची नोंद असते.

सही होऊनच गेली असेल तर? हात-पाय गाळू नका, पण दिवसही घालवू नका. शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी लेखी कळवा की हा राजीनामा दबावाखाली घेतला गेला आणि मी तो मागे घेत आहे. ईमेल करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ पासून अनेकदा सांगितले आहे. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने वीसहून अधिक वर्षांच्या नोकरीनंतर डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि मे २०१४ मध्ये तो मागे घेतला. तोवर राजीनामा रीतसर स्वीकारून अंतिम झाला नव्हता, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला परत कामावर घ्यायला सांगितले. हा माणूस सार्वजनिक उपक्रमातला होता. खासगी कंपनीत त्याच दिवशी राजीनामा स्वीकारून कार्यमुक्तीचे पत्र हातात ठेवले तर मागे घेण्याची वाट अरुंद होते. तरीही दबावाचा मुद्दा उरतोच, आणि दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या पत्राचे वजन सहा महिन्यांनी पाठवलेल्या पत्राला येत नाही.

राजीनामा दिला नाही की बहुतेक ठिकाणी दुसरा डाव सुरू होतो. गेटवर कार्ड चालत नाही. सुरक्षारक्षक सांगतो, 'वरून ऑर्डर आहे.' माणूस रागाने घरी बसतो आणि आठवड्याने पत्र येते, 'आपण परवानगीशिवाय गैरहजर आहात, आपण स्वतःहून काम सोडले असे समजण्यात येईल.' इथे लोक हमखास फसतात. नोकरी सोडणे हा हेतूचा प्रश्न आहे, नुसत्या गैरहजेरीने तो हेतू सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटले. १९९३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की चौकशी न करता, बाजू ऐकून न घेता परस्पर नाव पटावरून काढणे चालणार नाही. पण हे निकाल तुमच्या कामी यायचे तर तुम्ही कामावर यायला तयार होता हे दिसले पाहिजे. गेटवर अडवले तर तिथूनच फोटो काढा आणि ईमेल करा, 'आज सकाळी साडेनऊ वाजता मी कामावर आलो, मला आत सोडले नाही.' असे काही दिवस रोज करा. कंटाळवाणे आहे, अपमानास्पदही आहे, पण करा.

तिसरा डाव बदलीचा. ठाण्याच्या माणसाला अचानक गुवाहाटी, तीही पंधरा दिवसांत. महाराष्ट्रात याला एक खास उत्तर आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा राज्याचा १९७१ चा कायदा वकील आणि कामगार पुढारी 'एमआरटीयू-पल्प' या नावाने ओळखतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकांच्या अनुचित प्रथांची यादी आहे: सूडबुद्धीने किंवा अधिकाराचा केवळ देखावा करून काढून टाकणे, धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने बदली करणे, ठरलेला करार न पाळणे. काढून टाकण्याची तक्रार कामगार न्यायालयात, बाकीच्यांची औद्योगिक न्यायालयात होते. या कायद्याचे सर्वांत मोठे बळ म्हणजे अंतरिम आदेश. निकाल लागेपर्यंत बदलीला स्थगिती, कामावरून काढू नका असा हुकूम, हे सुरुवातीलाच मागता येते. काढले जाण्याची खात्रीलायक भीती असेल तर काढण्याआधीही जाता येते. फक्त मुदत ९० दिवसांची आहे. 'साहेब म्हणाले होते थांबा, बघतो' यातच दोन महिने निघून जातात, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. हा राज्याचा कायदा असल्याने केंद्राच्या संहितांनी रद्द केलेल्या २९ कायद्यांत तो नाही. गोव्यात तो लागू नाही. तिथल्या कर्मचाऱ्याला केंद्रीय संहितांच्याच वाटेने जावे लागते.

मात्र नोकरी वाचवणारे हे कायदे 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहेत. निळा गणवेश घालणाराच कामगार, ही समजूत चुकीची आहे. शारीरिक, तांत्रिक, कारकुनी, कुशल-अकुशल काम करणारे सगळे त्यात येतात. औद्योगिक संबंध संहितेने विक्री प्रतिनिधी आणि पत्रकारांनाही त्यात धरले आहे. देखरेखीचे काम करणारा मात्र महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेत असेल तर तो बाहेर, आणि व्यवस्थापकीय काम करणारा तर बाहेरच. इथे पदाचे नाव बघत नाहीत, रोजचे मुख्य काम काय ते बघतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ पासून स्पष्ट केले आहे. व्हिजिटिंग कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' छापले असेल. पण हाताखाली कुणी नाही, रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, दिवसभर कोड लिहायचे किंवा एक्सेल भरायचे, तर तो माणूस कामगार असू शकतो. पुण्या-मुंबईतले हजारो आयटीवाले 'आपल्याला कामगार कायदा लागू नाही' असे गृहीत धरून बसतात. आपण रोज काय काम करतो, हे वकिलाला सविस्तर सांगितल्याशिवाय असा निष्कर्ष काढू नका.

कामगार असाल तर पहिला दरवाजा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयाचा, जिथे सरकारी कामगार अधिकारी बसतात. मुंबईत कामगार भवन वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पुणे, नाशिक, नागपूर इथे विभागीय कार्यालये आहेत. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच म्हणजे तुमच्या लढाईचा पहिला दस्तऐवज. कार्यालय मालकाला पत्र पाठवते, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवते. हे समेटाचे काम आहे, इथे निकाल होत नाही. तरीही अनेक पगारांचे वाद इथेच मिटतात, कारण सरकारी शिक्क्याचे पत्र आल्यावर कंपनीतली फाइल एचआरच्या टेबलावरून मालकाच्या टेबलावर जाते. काढून टाकल्याच्या वादात अर्जापासून ४५ दिवसांत समेट झाला नाही तर कामगाराला थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते, सरकारच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. त्यासाठी काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. पूर्वी ती तीन वर्षे होती, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका.

खरे सांगायचे तर न्यायालयात वेळ लागतो. तारखा पडतात, मालकाचा वकील मुदत मागतो, वर्षे जातात. पण बेकायदा काढलेल्या माणसाला परत कामावर घेणे आणि मधल्या काळाचा पगार देणे हा सर्वसाधारण नियम आहे, असे औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठामपणे सांगितले. मधल्या काळात आपल्याला दुसरी पुरेशा पगाराची नोकरी नव्हती हे शपथेवर सांगावे लागते. म्हणजे खटला चालू असताना पोटासाठी केलेल्या किरकोळ कामाची भीती बाळगू नका, पण ते लपवूही नका.

जे खरोखरच व्यवस्थापकीय पदावर आहेत त्यांना परत कामावर घ्या असा आदेश खासगी कंपनीविरुद्ध सहसा मिळत नाही. नेमणूकपत्रातल्या नोटिशीच्या काळाचा पगार मिळतो. थकलेल्या पगारासाठी वेतन संहितेचा दावा त्यांनाही खुला आहे. दिवाणी न्यायालयात तीन वर्षांच्या आत वसुलीचा दावाही लावता येतो, आणि लेखी करारातून ठरावीक रक्कम येणे असेल तर झटपट निकालाच्या समरी दाव्याची सोय आहे.

पगार थकवणारी कंपनी पीएफही थकवते, हा बहुतेकांचा अनुभव. पगारपावतीत कपात दिसते, पासबुकात जमा दिसत नाही. तुमच्या पगारातून कापलेला पीएफ मालकाच्या हाती विश्वासाने सोपवलेला पैसा मानला जातो. तो भरला नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होतो. पगार थकल्याची तक्रार पोलीस ठाण्यात नेली की 'ही दिवाणी बाब आहे' हे उत्तर मिळते आणि ते बहुतांशी बरोबरही असते. पण कापून न भरलेला पीएफ, सही करेपर्यंत खोलीत कोंडून ठेवणे, जिवाची धमकी या पोलिसांच्याच बाबी आहेत. पीएफची तक्रार भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर घरबसल्या करता येते. पासबुक दर महिन्याला उघडून बघण्याची सवय लावून घ्या. कंपनीची आर्थिक तब्येत आधी तिथेच कळते.

राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी बुडत नाही, हेही पक्के लक्षात ठेवा. पाच वर्षे सलग नोकरी झाली की ती मिळते, आणि मुदतीच्या कंत्राटावरच्यांना आता वर्षभरानंतर. वरच्या उदाहरणातल्या माणसाचे २८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले सहा वर्षे, म्हणजे सुमारे ९६,९२३ रुपये होतात. ते ३० दिवसांत द्यायचे असतात.

ठेकेदारामार्फत कामाला असाल आणि ठेकेदार पळाला, तर ज्या कंपनीच्या आवारात काम केलेत ती मुख्य मालक म्हणून पगार द्यायला बांधील आहे. तिने तो ठेकेदाराकडून वसूल करावा, तुम्ही त्याच्या मागे फिरायचे कारण नाही. अर्ज करताना दोघांची नावे घाला.

कंपनीच दिवाळखोरीत गेली तर गोष्ट अवघड होते. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ ला थांबली, हजारो कर्मचाऱ्यांचे पगार त्याआधीपासून अडकलेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला. अशा वेळी कामगारांचे मागच्या २४ महिन्यांचे वेतन तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरले जाते, इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे त्यानंतर. पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या निधीवर बँकांचा हक्क चालत नाही. कंपनीसाठी दिवाळखोरी अधिकारी नेमल्याची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली की लगेच त्याच्याकडे लेखी दावा द्या. ज्याचा दावाच नाही त्याला वाटपात जागा नाही. कंपनीला स्वतःहून दिवाळखोरीत खेचायला किमान एक कोटीची थकबाकी लागते. एकट्याला ते जमणारे नाही, पण सगळ्या कामगारांच्या वतीने संघटनेला असा अर्ज करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले आहे.

पगार थकला की कुणीतरी म्हणतो, 'सगळे मिळून सोमवारी रजा टाकू.' जरा थांबा. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर तो संप ठरतो, आणि नोटिशीशिवायचा संप बेकायदा. मालकाच्या हातात आयते कोलीत देण्यापेक्षा त्याच सोमवारी सगळ्यांच्या सह्यांचा एक अर्ज आयुक्त कार्यालयात द्या.

शेवटी बऱ्याच प्रकरणांत तडजोड होते, आणि तीत कमीपणा नाही. घरभाडे थांबत नाही, नवी नोकरी शोधायची असते. पण तडजोड लेखी हवी. थकलेला पगार, नोटिशीचा पगार, रजांचे पैसे, ग्रॅच्युइटी, पीएफ भरल्याची पावती, अनुभवाचे पत्र या प्रत्येकाची तारीख त्यात हवी. पैसे खात्यात जमा होण्याआधी 'माझी कंपनीकडे कोणतीही बाकी नाही' यावर सही करू नका. करावीच लागली तर सहीशेजारी 'हक्क राखून' असे हाताने लिहा आणि त्या कागदाचा फोटो काढा. समेट कामगार अधिकाऱ्यांसमोर झाला तर उत्तम, कारण मग तो मोडल्यास वसुलीचा मार्ग सोपा होतो.

वकिलाच्या फीचे काय, हा प्रश्न पगार थकलेल्या माणसाला सगळ्यात आधी पडतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि मदतीचा क्रमांक १५१०० आहे. सही करण्याआधी तिथे एक फोन जरूर करा.